काम केलेल्या इंजिनाला टर्बो किती पौंड?



गळीत हंगामाचे तोडणी-वाहतूक करार सुरू झाले की वाहनमालक सभासदांचे गट कार्यालयात येणे-जाणे वाढते. चहा होतो, उचलीचा विषय निघतो आणि बोलणे उसावरून ट्रॅक्टरवर जाते. अलीकडे गटागटांतून एकच प्रश्न आमच्या कानावर येतो आहे. "साहेब, इंजिनाचं फुल काम केलंय. आता टर्बो बसवावा म्हणतो. किती पौंडाला चालंल?"

आम्ही शेतकी पदविकेची माणसे. आमचा विषय बेणे, लागण, खोडवा आणि खत. "तुम्ही इंजिनात कशाला डोकं घालता?" असे कोणी म्हटले तर ते वावगे नाही. पण तोडलेला ऊस फडात वाळत पडतो तेव्हा त्याची तक्रार फिटरकडे जात नाही, आमच्याकडेच येते. सबब या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्हाला भाग आहे. मत असे : ज्या इंजिनाला कंपनीने टर्बो दिलेला नाही आणि ज्याचे काम मूळ धाटणीच्याच पिस्टन, रॉड आणि क्रँकवर झाले आहे, त्याला टर्बो बसवू नये. बसवून झालाच असेल तर काटा ६ पौंडांच्या वर जाऊ देऊ नये. आणि कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेल्या इंजिनाला कंपनीने दिलेला आकडा हाच शेवटचा आकडा समजावा, काम कितीही उत्तम झालेले असो.

हा ६ आकडा ऐकून पुष्कळांचा विरस होईल, कारण बाहेर १५, २० आणि त्यावरचे आकडे सांगितले जातात. तेव्हा आधी पौंड म्हणजे काय ते पाहू. ट्रॅक्टरच्या टायरात आपण ज्या पौंडांत हवा मोजतो तेच हे पौंड. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांच्या फिल्टरवर दाबाचे घड्याळ असते. ते १ किलो दाखवते तेव्हा साधारण १४ पौंड दाब असतो. टर्बो ही काही नवलाची वस्तू नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त.

इथवर सगळे बरोबर आहे. पुण्याजवळ सणसवाडीला तयार होणारा जॉन डीअर ५३१० हा ५५ अश्वशक्तीचा तीन सिलिंडरी ट्रॅक्टर कंपनीतूनच टर्बो घेऊन येतो आणि ऊस ओढतो. टर्बो वाईट असे आमचे म्हणणे मुळीच नाही. प्रश्न आहे तो कोणत्या इंजिनावर कोणता टर्बो, याचा.

थोडा हिशेब करू. आपला धाराशिव परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुळातच थोडा कमी, सुमारे ०.९४ बार. टर्बोने १ बार, म्हणजे साडेचौदा पौंड, वर चढवला की इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दुपटीच्या पुढे जातो. पिस्टन वर येऊन ती हवा आणखी सतरा-अठरा पट दाबतो. बिनटर्बोच्या इंजिनात डिझेल पेटण्याआधीच साधारण ४५ बार दाब तयार झालेला असतो, तो आता ९० बारच्या वर जातो. डिझेल पेटायचे अजून बाकीच आहे!

पेटल्यावर काय होते? १०० मिलिमीटर बोअरच्या पिस्टनवर ८० बार दाब आला म्हणजे त्याच्या डोक्यावर सुमारे साडेसहा टन भार आला. १२० बार झाला तर साडेनऊ टनांच्या पुढे. एका ट्रॉलीत भरलेला ऊस एका पिस्टनवर ठेवला असे समजा. हा भार एकदा येऊन जात नाही. इंजिन मिनिटाला १९०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ९५० वेळा येतो. तो सोसायचा कोणी? पिस्टनने, त्याच्या पिनने, कनेक्टिंग रॉडने, बेरिंगच्या पातळ पत्र्याने, आणि हेड दाबून धरणाऱ्या बोल्टांनी.

आता "काम केलंय" या शब्दाकडे येऊ, कारण सगळी गफलत तिथेच होते. इंजिनाचे फुल काम म्हणजे नवीन लायनर-पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक घासून अंडरसाइज बेरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह, नवे पॅकिंग. खर्च लाखाच्या घरात जातो, आणि एवढा पैसा घातल्यावर इंजिन मूळच्यापेक्षा मजबूत झाले असे मालकाला वाटू लागते. ते तसे झालेले नसते. झिजलेले इंजिन पूर्ववत झाले, एवढेच. ४५ अश्वशक्तीसाठी आखलेला पिस्टन नवा घातला तरी तो ४५ अश्वशक्तीचाच. उलट क्रँक घासली म्हणजे ती तेवढी बारीकच झाली. रॉड तर बहुधा जुनाच असतो, हजारो तास राबलेला. गाडीचा आख तोच ठेवला, धाव नवी चढवली आणि बैल दोनाचे चार जुंपले, तर गाडी पळेल खरी. आख कुठे मोडेल एवढेच पाहायचे राहते.

कंपनी जेव्हा तेच इंजिन टर्बोसाठी बनवते तेव्हा ती नुसता टर्बो लावून मोकळी होत नाही. पिस्टनची घडण बदलते, पिन जाड होते, दाबाचे प्रमाण कमी करतात, पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची फवारणी देतात, तेलाचा पंप मोठा, रेडिएटर मोठा, हेडचे पॅकिंग वेगळे. बाहेरून दोन्ही इंजिने सारखी दिसतात, पार्ट नंबर मात्र वेगळे असतात. म्हणून दुकानात किट घेताना नुसते मॉडेल सांगू नये, आपले इंजिन टर्बोचे की बिनटर्बोचे ते सांगून पार्ट नंबर ताडून घ्यावा. टर्बोच्या इंजिनात बिनटर्बोचे स्वस्त किट बसवल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. तिथे कंपनीचा मूळ दाबसुद्धा जास्त होतो.

आणखी एक गोष्ट, जी फिटर मंडळी फार क्वचित सांगतात. डिझेल इंजिनात नुसत्या हवेने बिघाड होत नाही. डिझेल तेवढेच ठेवून थोडी जास्त हवा मिळाली तर धूर कमी होतो, इंजिन उलट थंड चालते. पण मग काटाही फारसा चढत नाही, कारण टर्बो फिरतो तो धुराच्या उष्णतेवर. काटा चढवायचा म्हणून, किंवा "उचल मिळंना" म्हणून, पंपाचे शिसाचे सील तोडून स्क्रू आवळला जातो आणि डिझेल वाढते. मग टर्बो जोरात फिरतो, काटा १२-१४ पौंडांवर जातो, मालक खूष होतो. त्याच वेळी पिस्टनचे डोके तापत असते. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, आणि अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते. त्याच्या पुष्कळ आधी, तीनशे-साडेतीनशे अंशांपासूनच, ते मऊ पडू लागते. त्यातून दाबलेली हवा स्वतःच गरम असते. दुपारच्या ३५ अंशांच्या हवेला १४ पौंडांपर्यंत दाबले की ती १४० अंशांच्या घरात जाते. मोठ्या गाड्यांना ही हवा थंड करायला इंटरकूलर असतो, आपल्या ट्रॅक्टरवर घरगुती बसवलेल्या टर्बोला तो बहुधा नसतोच. याउलट ६ पौंडांपर्यंत हवा पंचवीस टक्क्यांच्या आसपास जास्त मिळते आणि तापमानही आटोक्यात राहते. आमचा आकडा इथून आला आहे.

मोबाइलवर पंजाबकडच्या टोचनचे व्हिडिओ पाहून तरुण पोरे म्हणतात, तिकडे तीस पौंडांवर इंजिने चालतात. चालत असतील. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढायचे, मिनिटभरात निकाल. ते इंजिन पुन्हा उघडायचेच असे धरूनच बांधलेले असते, त्याला हप्ता फेडायचा नसतो. (ट्रॅक्टरच्या जीवघेण्या कसरतींवर पंजाब सरकारने २०२३ साली एका तरुणाच्या मृत्यूनंतर बंदी घातली, हेही त्या पोरांना सांगावे.) मोटारीचेही तसेच. मोटार ओव्हरटेक करताना दहा सेकंद दाब घेते आणि सोडून देते. आपला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येडशीचा किंवा तुळजापूरचा घाट चढतो तेव्हा अॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला, वेग बैलगाडीचा, समोरून वारा नाही, आणि हे सलग चालते. मोटारीचा सुरक्षित आकडा ट्रॅक्टरला लावणे म्हणजे आडसाली उसाचे खत खोडव्याला मोजण्यासारखे आहे.

मागील एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाच्या ट्रॅक्टरचे झाले ते सांगतो. इंजिनाचे काम श्रावणात केलेले, किट बिनटर्बोचे, टर्बो जुन्या बाजारातून आणलेला. काटा १४ पौंड दाखवी. दीड महिना ट्रॅक्टरने असा रंग दाखवला की शेजारचे दोघे तसाच टर्बो शोधू लागले. इतरांच्या दोन खेपा होत तिथे त्याच्या तीन. मग एका रात्री घाटात चढावर खडखड झाली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि इंजिन बसले. उघडले तेव्हा एका पिस्टनच्या डोक्याला भोक, रॉड वाकलेला, लायनर चिरलेला. दोन भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याच्या कडेला. सुदैवाने मागून कोणी येऊन धडकले नाही. दुसऱ्या दिवशी ऊस दुसऱ्या वाहनात भरून आणला, पण त्या टोळीने फडात तोडून ठेवलेला दोन सभासदांचा ऊस तीन दिवस उन्हात पडून राहिला. कोपीवरची बाया-माणसे रिकामी बसली.

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही सभासदांना नेहमी सांगतो. पुढे वजन घटते आणि साखर उलटू लागते. वजनाचे नुकसान त्या दोघांचे, उताऱ्याचे मात्र सर्वांचे, कारण एफ.आर.पी. कारखान्याच्या उताऱ्यावर ठरते. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, टर्बो दुसऱ्याचा आणि तोटा ज्याच्याकडे साधी मोटारसायकलही नाही अशा सभासदाचा. म्हणून "माझं इंजिन, मी बघतो" हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

ज्यांनी टर्बो बसवला आहे ते तो उद्या काढणार नाहीत, हे आम्ही जाणतो. त्यांनी निदान एवढे करावे. दाबाचे घड्याळ बसवावे, तेही ड्रायव्हरला दिसेल असे. आमच्या माहितीत टर्बो बसवलेल्या निम्म्याहून अधिक वाहनांना ते नाही, मग पौंड कळणार कसे? जमल्यास धुराड्याच्या तोंडाशी तापमापक लावावा. टर्बोच्या आधी मोजलेले तापमान चढावर सलग ६५० अंशांच्या वर राहू लागले तर गिअर खाली घ्यावा. पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे नेऊन मूळ मापावर आणावा. वाढवायचाच असेल तर दहा टक्क्यांच्या पुढे वाढवू नये. काळा धूर म्हणजे ताकद अशी समजूत आहे. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आपल्याच खिशातले. जुन्या ट्रॅक्टरचा ऑईल-बाथ एअर क्लीनर वाढलेली हवा पेलत नाही, तेल वर ओढले जाते, म्हणून तिकडे लक्ष असावे. आणि काट्यावर नंबर लागला की ड्रायव्हरने किल्ली लगेच फिरवू नये. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ते तेलावर तरंगत असते. दोन-तीन मिनिटे स्लोमध्ये चालू ठेवून मग बंद करावे.

ज्यांच्या ट्रॅक्टरला मूळचाच टर्बो आहे त्यांनी वेस्टगेटच्या रॉडला हात लावू देऊ नये. कंपनीचा दाब साधारणपणे १० ते १५ पौंडांत असतो, नेमका किती ते मॉडेलप्रमाणे माहितीपुस्तकात किंवा डीलरकडे मिळते. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू आहेत, त्या इंजिनांचे डिझेल संगणकावर चालते. तिथे गावच्या फिटरने काही करूच नये. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.सी. पुस्तकातील माहितीशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेअर आधी हेच पाहतो.

कामाच्या वेळेबद्दलही बोलले पाहिजे. हंगाम संपतो तेव्हा हातात पैसा नसतो, म्हणून इंजिनाचे काम पावसाळ्यात लांबते, पुढे दसऱ्यावर जाते, आणि गॅरेजमधून निघालेला ट्रॅक्टर उचल घेऊन थेट फडात उभा राहतो. नव्या रिंगा लायनरशी जुळायला निदान पन्नास तासांचे हलके काम लागते. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलायचा, हेडचे बोल्ट फिटरकडून टॉर्क रेंचने तपासायचे. हे काम पाळी घालण्यात, पेरणीत सहज होते. दोन ट्रॉल्यांच्या मागे होत नाही. मूळच्या दाबावरही पहिल्या खेपेला घाट दाखवलेले इंजिन तेल प्यायला लागते, मग फिटरला शिव्या.

आता खरा मुद्दा. टर्बो हौसेने बसवणारे थोडे. बाकीच्यांचे म्हणणे एकच : "दोन ट्रॉल्या गच्च भरल्या न्हाईत तर खेप परवडत न्हाई, हप्ता कुठून भरावा?" हे खोटे नाही. वाहतुकीचे बिल टनावर निघते, यार्डात नंबराला तासन् तास जातात, दिवसाला दोनच खेपा होतात, म्हणून जी होते ती खेप मोठी करण्याकडे कल जातो. ओझे वाढले की इंजिन कमी पडते, कमी पडले की पंप, पंपानंतर टर्बो. पण टर्बो इंजिनाची ताकद वाढवतो, ब्रेकची नाही. क्लच, गिअर, मागचा हाऊसिंग तोच राहतो, ट्रॉलीला तर बहुधा ब्रेकच नसतो. वीस टन घेऊन घाट चढलेला ट्रॅक्टर तोच घाट उतरणारही असतो.

तेव्हा दोष एकट्या वाहनमालकाच्या माथी मारून चालणार नाही, असे आमचे मत आहे. ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीप्रमाणे खेपेच्या टनांना मर्यादा ठरवावी आणि मर्यादेवरच्या टनाला वाहतूक देऊ नये. मर्यादेत येणाऱ्या वाहनांची यार्डात वेगळी रांग करून ती आधी खाली करावीत, म्हणजे दोनाच्या जागी तिसरी खेप होईल आणि मालकाचा हिशेब जुळेल. घाटापलीकडच्या गावांचा ऊस शक्य तितका मालट्रकाने आणावा, ट्रॅक्टर अलीकडच्या गावांना द्यावेत. तिसरी खेप मिळणार नसेल तर नुसती मर्यादा घालणे अन्यायाचे होईल, हेही आम्ही शेतकी समितीपुढे सांगितले आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा असे पत्र आम्ही दिले आहे. वाहनमालक सभासदांनी त्याआधी आपले म्हणणे गट कार्यालयात लेखी द्यावे, विरोधात असले तरी द्यावे. करारासाठी येताना आर.सी., विमा यांबरोबर इंजिनाच्या कामाचे बिल आणि पंप कॅलिब्रेशनची चिठ्ठी असेल तर तीही आणावी. कोणाच्या ट्रॅक्टरला किती पौंड, हे आम्ही एका वहीत लिहून ठेवणार आहोत.